खंडणी कोणास दिली ?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत येशूच्या तोंडीं एक वाक्य आहे. आपण सेवा करून घेण्यास आलों नसून पुष्कळांकरितां आपला जीव देण्यास आलों आहों, असा त्याचा आशय. त्या देण्याला मूळ ग्रीकांत जो शब्द योजिला आहे, त्याचा अर्थ गुलामाच्या किंवा युद्धांत सांपडलेल्या कैद्याच्या सुटकेसाठीं भरावयाचें मोल. मराठी बायबलाच्या भाषांतरकारांनीं तेथें ‘खंडणी’ हा शब्द घातला. मराठी वाचकाला खंडणी म्हटली कीं मुलूखगिरी आठवते, वेशीबाहेर पडलेली फौज आठवते, आणि गांवाच्या वतीनें रक्कम ठरविणारा हवालदील पाटील डोळ्यांपुढें येतो. खंडणी आहे तेथें ती घेणारा कोणी तरी असलाच पाहिजे. आणि घेणारा हा सहसा सज्जन नसतो. भाषांतरकारांस दोष द्यावा असा येथें मुळींच हेतु नाहीं. उलट, आपल्या शब्दानें जो प्रश्न मराठी मनांत सहज उभा राहतो, त्याच प्रश्नानें ख्रिस्ती पंडितांस सुमारें दीड हजार वर्षें स्वस्थ बसूं दिलें नाहीं.

दुसरा शब्द ‘प्रायश्चित्त’. हा अधिक घोटाळ्याचा आहे. याज्ञवल्क्यस्मृतीचा तिसरा अध्याय प्रायश्चित्तांचा. विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत त्याचा केवढा विस्तार केला आहे, हें जाणकारांस सांगावयास नको. तेथें पाप करणारा व प्रायश्चित्त घेणारा एकच. परिषद् सांगेल तें कृच्छ्र किंवा चांद्रायण त्यानें स्वतः आचरावयाचें; अंगीं शक्ति नसेल तर गोप्रदानासारखा प्रत्याम्नाय करावयाचा, परंतु गाय त्याच्याच गोठ्यांतली. मराठी बायबलांत मात्र प्रायश्चित्त याजक करतो आणि तें दुसऱ्याकरितां करतो. इतकेंच नव्हे, तर वेदीकरितां आणि पवित्रस्थानाकरितांहि करतो. वेदीनें कोणतें पाप केलें होतें, असें एखाद्या शास्त्र्यानें विचारिलें तर त्यांत त्याची चूक नाहीं. एका शब्दाखालीं दोन निरनिराळ्या संस्था नांदत आहेत, आणि प्रस्तुत विषयाचा आरंभ त्यांतील दुसरीपासून केला पाहिजे.

लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायांत वर्षांतून एकदां करावयाचा विधि सांगितला आहे. दोन बकरे आणावयाचे आणि चिठ्ठ्या टाकून एक परमेश्वराचा व दुसरा अजाजेलाचा ठरवावयाचा. परमेश्वराच्या वांट्याच्या बकऱ्याचा वध करून त्याचें रक्त मुख्य याजकानें पडद्याआड, परमपवित्रस्थानांत, नेऊन शिंपडावयाचें. दुसऱ्याच्या मस्तकावर त्यानें दोन्ही हात ठेवून साऱ्या इस्रायलाच्या अपराधांचा उच्चार करावयाचा, तीं पापें त्याच्या माथीं मारावयाचीं आणि त्याला जिवंत रानांत सोडून द्यावयाचें. पुढील काळीं त्याला कड्यावरून लोटून देऊं लागले, असें मिश्नांत आहे; परंतु लेवीय ग्रंथाला तें माहीत नाहीं. वाचकांनीं येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. ज्या बकऱ्यावर पापें लादलीं तो मारला जात नाहीं, आणि जो मारला जातो त्याच्यावर पापें लादलेलीं नाहींत. ‘माझी शिक्षा या मुक्या जनावरानें भोगिली’ ही जी कल्पना यहुदी यज्ञाविषयीं सर्वत्र रूढ आहे, तिला या अध्यायांत आधार सांपडणें कठीण आहे. यहुदी पंडित जेकब मिलग्रोम यानें १९९१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रचंड भाष्यांत असें प्रतिपादन केलें कीं, हें रक्त पाप्याला लावावयाचें नसून मंदिराला लावावयाचें आहे. लोकांच्या पापांनीं देवाचें घर दुरूनहि मळतें, आणि रक्त—ज्यांत जीव आहे तें रक्त—तो मळ धुऊन काढतें. घर फार मळलें तर घरधनी तें सोडून जाईल ही खरी भीति. मिलग्रोमचें सर्वच म्हणणें विद्वानांस मान्य नाहीं. तथापि वेदीला प्रायश्चित्त कशासाठीं, या आमच्या शास्त्रीबोवांच्या शंकेचें त्यानें उत्तर मिळतें.

इ. स. ७० मध्यें रोमन सेनापति टायटस यानें यरुशलेम घेतलें आणि मंदिर जळून गेलें. घरच उरलें नाहीं, तेव्हां तें धुवावयाचें कसें ? रब्बी योहानान बेन झक्काई आपल्या शिष्यासह त्या भग्नावशेषांजवळून जात असतां शिष्य आक्रोश करूं लागला कीं, आमच्या पापांचें क्षालन जेथें होत असे तें स्थानच गेलें. त्यावर, दयेचें आचरण हें तितकेंच समर्थ प्रायश्चित्त आपल्यापाशीं उरलें आहे, असें गुरूनें समाधान केलें, अशी कथा आहे. प्रार्थना, दान, पश्चात्ताप आणि उपास यांवर यहुदी धर्म पुढें उभा राहिला. त्याचा एक दूरचा धागा आपल्या कोंकणांत आहे. आजच्या रायगड जिल्ह्यांतील गांवोगांवीं तेलाचे घाणे चालविणारे आणि शनिवारीं काम बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्रायल लोक, बाहेरच्या यहुद्यांशीं संबंध तुटला असतांहि, हा एक दिवस पाळीत आले. याजक नाहीं, मंदिर नाहीं, बकरा नाहीं. पांढरीं वस्त्रें नेसून, उपास करून, दारें लावून ते दिवसभर घरांत बसत. त्या दिवसाला त्यांनीं नांवहि मराठीच दिलें : दारफाळणीचा सण. परमपवित्रस्थानाचा पडदा गेला आणि घराचें दार आलें.

ज्या यहुद्यांनीं येशूला ख्रिस्त मानिलें होतें त्यांनीं दुसरी वाट धरिली. इब्रीलोकांस पत्र म्हणून जो ग्रंथ नव्या करारांत आहे, त्यांत येशू हाच मुख्य याजक, येशू हाच बलि, आणि त्याचें रक्त घेऊन तो ज्यांत शिरला तें पवित्रस्थान स्वर्गांतलें, असें रूपक बांधिलें आहे. आणि हें एकदांच झालें, पुन्हा करावयाचें उरलें नाहीं, यावर त्या लेखकाचा सारा भर आहे. पौलानें याजकाची भाषा वापरिली, न्यायालयाची वापरिली, गुलामांच्या बाजाराची वापरिली, आणि दुरावलेल्या स्नेह्यांच्या समेटाचीहि वापरिली. तो पत्रें लिहीत होता, शास्त्र रचीत नव्हता. विशेष हें कीं, पुढें ख्रिस्ती धर्मसभेनें येशूच्या स्वरूपाविषयीं अक्षराअक्षरावर वाद घातला, त्यासाठीं बिशपांना हद्दपार केलें. परंतु त्याच्या मरणानें पाप कसें फिटतें, याविषयीं एकाहि सर्वमान्य परिषदेनें सिद्धांत ठरविला नाहीं. ३२५ सालच्या निकियाच्या मतांगीकारांत ‘आमच्या तारणासाठीं’ एवढाच आशय आहे. ‘कसें’ याला उत्तर नाहीं. ही मोकळीक शतकानुशतकें राहिली, आणि म्हणूनच या कल्पनेचा इतिहास इतका वेधक झाला आहे.

आरंभीं जें उत्तर प्रचारांत आलें तें खंडणीचेंच. तिसऱ्या शतकांतील अलेक्झांड्रियाचा ओरिजेन यानें सरळ विचारिलें कीं, हें मोल कोणास दिलें ? देवाला तर खास नव्हे, कारण आपण देवाच्या कैदेंत नव्हतों, तेव्हां सैतानाला. चौथ्या शतकांत निसाच्या ग्रेगरीनें त्यावर आणखी कळस चढविला. सैतानानें येशूचें मानवी शरीर पाहून तें लोभानें गिळलें, आणि आंत दडलेल्या दैवी गळाला तो अडकला ! ऑगस्टिननें गळाऐवजीं उंदराचा सांपळा योजिला. हीं चित्रें वाचून आजच्या वाचकाला हंसूं येतें, आणि त्या काळींहि सर्वांचेंच समाधान झालें नव्हतें. नाझिआन्झसचा ग्रेगरी हा दुसऱ्या ग्रेगरीचा मित्र. पण त्यानें एका प्रवचनांत संतापून विचारिलें आहे कीं, त्या लुटारूला देवाकडून खंडणी मिळते, आणि खंडणी म्हणून देवच मिळतो, ही केवढी विटंबना! बरें, पित्याला दिली म्हणावें तर पित्यानें आपल्याला बंदींत टाकलेंच केव्हां होतें ? अशा रीतीनें दोन्ही दारें लावून घेऊन तो तेथेंच थांबतो. पुढें १९३० मध्यें स्वीडिश धर्मपंडित गुस्ताफ औलेन यानें या जुन्या मताची नवी बाजू मांडिली : व्यवहार क्षुल्लक, विजय मुख्य, मृत्यु व पाप यांच्या सत्तेवर देवानें मिळविलेला जय हाच यांतला गाभा. औलेनच्या पुस्तकानें गळ आणि सांपळे यांना पुन्हा प्रतिष्ठा आणिली खरी, पण नाझिआन्झसकराचा प्रश्न त्यानें सोडविला असें प्रस्तुत लेखकास वाटत नाहीं. तो त्यानें बाजूला सारला.

मध्यंतरीं पश्चिम युरोपांत एक निराळीच व्यवस्था वाढत होती, आणि ती आपल्या स्मृतिग्रंथांच्या वाचकाला फार ओळखीची वाटेल. सहाव्या शतकापासून आयर्लंडमधील मठांत पापांचीं कोष्टकें तयार झालीं. अमक्या पापाला भाकरी व पाणी यांवर इतकीं वर्षें, तमक्याला इतके दिवस. मग प्रत्याम्नायहि आले : उपासाऐवजीं स्तोत्रपाठ, स्तोत्रपाठाऐवजीं द्रव्य. दहाव्या-अकराव्या शतकांतील इंग्लंडच्या एका संग्रहांत तर धनिक मनुष्यानें सात वर्षांचें प्रायश्चित्त तीन दिवसांत कसें उरकावें याची रीत दिली आहे. आधीं बारा माणसें मिळवून त्यांच्याकडून तीन दिवस उपास करवावा. नंतर एकशेंवीस-एकशेंवीस माणसांच्या सात तुकड्यांकडून तसाच करवावा. ८५२ माणसें आणि तीन दिवस. गुणाकार केला तर २,५५६ दिवस होतात, म्हणजे बरोबर सात वर्षें. हिशेबांत एका दिवसाचीहि सूट नाहीं. येथें हंसण्यापूर्वीं एक विचारावेंसें वाटतें : भाड्यानें आणिलेल्या माणसाची भूक जर आपलें पाप फेडूं शकत नसेल, तर दुसऱ्याचें मरण तें कसें फेडील ? हा प्रश्न त्या समाजापुढें स्पष्ट शब्दांत आला नव्हता. पण तो हवेंत होता, आणि त्याला भिडणारा पुरुष ११ व्या शतकाच्या अखेरीस निघाला.

अँसेल्म हा १०३३ मध्यें आल्प्स पर्वताच्या पायथ्याशीं आओस्ता येथें जन्मला. नॉर्मंडींतील बेक येथील मठांत साधु झाला, मठाधिपति झाला, आणि १०९३ मध्यें मनाविरुद्ध कँटरबरीचा आर्चबिशप झाला. राजा दुसरा विल्यम याच्याशीं त्याचें पटेना. १०९७ मध्यें देश सोडून तो पोपकडे निघाला, आणि दुसऱ्या वर्षीं दक्षिण इटलींतील कापुआजवळच्या एका डोंगरी खेड्यांत बसून त्यानें इंग्लंडांत आरंभिलेला ग्रंथ पुरा केला. ग्रंथाचें लॅटिन नांव ‘कुर देउस होमो’; म्हणजे देव मनुष्य कां झाला. रचना संवादाची आहे. बोसो नांवाचा शिष्य शंका घेतो, आणि विशेषतः ज्यांचा ख्रिस्तावर विश्वास नाहीं त्यांच्या वतीनें घेतो.

हे अविश्वासी कोण, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. अँसेल्मचा शिष्य गिल्बर्ट क्रिस्पिन हा वेस्टमिन्स्टरचा मठाधिपति होता, आणि त्यानें एका यहुद्याशीं झालेला आपला वाद लिहून तो अँसेल्मकडे तपासावयास पाठविला होता. त्या यहुद्याचें नांव आपल्याला मिळत नाहीं; परंतु तो जर्मनींतील माइन्त्स येथें शिकला होता आणि कांहीं कामानिमित्त गिल्बर्टकडे येत असे, एवढें कळतें. वाद स्नेहभावानें झाला. त्याच माइन्त्समध्यें १०९६ च्या मे महिन्यांत, यरुशलेमकडे निघालेल्या पहिल्या क्रूसयुद्धाच्या झुंडींनीं ख्रिस्ताच्या रक्ताचा सूड म्हणून यहुद्यांची कत्तल केली. आदल्याच वर्षीं क्लेर्माँच्या सभेनें ठरविलें होतें कीं, निव्वळ भक्तीनें जो या यात्रेला जाईल त्याला ती यात्रा सर्व प्रायश्चित्तांच्या जागीं धरली जाईल. माइन्त्सच्या कित्येक आईबापांनीं मुलांना बाप्तिस्म्याच्या पाण्याखालीं जाऊं देण्यापेक्षां आपल्या हातानें त्यांचा वध केला, आणि मग स्वतःचा. पुढील शतकांतील इब्री बखरकार या प्रसंगाला अब्राहामानें इसहाकाला वेदीवर बांधिलें त्याची उपमा देतो. तेव्हां एका पुत्राच्या बांधणीनें आकाश हादरलें, मग एका दिवसांत अशा अकराशें झाल्या तरी तें स्तब्ध कसें राहिलें, असा त्याचा टाहो आहे. नदीच्या दोन्ही तीरांवर त्या वर्षीं बलिदानाचीच भाषा बोलली जात होती.

या पार्श्वभूमीवर ‘कुर देउस होमो’ वाचलें म्हणजे त्यांतील थंड तर्काचें मोल कळतें. अँसेल्म पहिल्या झटक्यालाच सैतानाची खंडणी रद्द करून टाकतो. सैतानाचा मनुष्यावर कांहीं एक हक्क नव्हता; चोराशीं करार कसला ? मग पाप म्हणजे काय, तर देवाचें देणें न देणें. बोसो म्हणतो, मी पश्चात्ताप करीन, उपास करीन, दानधर्म करीन. अँसेल्म उत्तर देतो कीं, हें सारें तूं पाप केलें नसतेंस तरी तुला करावयाचेंच होतें. चालू सारा भरून मागील थकबाकी फिटत नाहीं. मग तो त्याला एक कल्पना करावयास सांगतो. तूं देवासमोर उभा आहेस, आणि कोणी म्हणतो कीं तिकडे एकदां पाहा. देव म्हणतो, पाहूं नको. नुसती दृष्टि वळविली नाहीं तर सारें विश्व नाश पावणार असेल, तर तूं वळवशील काय ? बोसो कांकूं करतो, आणि शेवटीं नाहीं म्हणतो. तर मग, गुरु म्हणतो, पापाचें वजन किती आहे हें तुला अजून कळलेंच नव्हतें. ऋण असें कीं तें मनुष्यानेंच फेडलें पाहिजे आणि देवावांचून कोणाला फेडतां येणार नाहीं, म्हणून देव-मनुष्य. निष्पाप असल्यामुळें त्याला मरण देणें लागत नव्हतें. तें त्यानें आपण होऊन दिलें, आणि तेवढेंच या सर्व विश्वांत देण्याजोगें अधिक होतें.

अँसेल्मवर नेहमीं असा आरोप होतो कीं, त्याचा देव हा मानापमानाला जपणारा एखादा नॉर्मन जहागीरदार आहे. आरोप अर्धा खरा आहे. ज्या काळीं जखमेचें मोल घायाळाच्या दर्जावरून ठरत असे, त्या काळच्या माणसाला देवाच्या अपमानाचें मोल अनंत वाटावें हें साहजिक होतें. परंतु देवाच्या मानांत स्वतः कांहींच उणें-अधिक होऊं शकत नाहीं, बिघडते ती विश्वाची सुसंगति व शोभा, असें अँसेल्म स्वतःच स्पष्ट सांगतो. आणि तें टीकाकार सहसा वाचीत नाहींत. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. ‘एक तर भरपाई, नाहीं तर शिक्षा’ असा त्याचा विकल्प आहे. येशूनें भरपाई केली. म्हणून शिक्षा झालीच नाहीं. येशूला आपल्या ऐवजीं शिक्षा झाली, असें अँसेल्म कोठेंहि म्हणत नाहीं. आणखी, ज्यांनीं येशूला मारिलें त्यांचें पाप तरी फिटेल काय, असें बोसो विचारतो, तेव्हां त्यांनीं तें अज्ञानानें केलें, म्हणून तेंहि क्षम्य आहे, असें उत्तर तो देतो. माइन्त्सच्या कत्तलीला तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं. अँसेल्मनें तिचा उल्लेख केलेला नाहीं; तरी या उत्तरानंतर सुडाला जागा कोठें राहते, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

त्याच उन्हाळ्यांत नॉर्मन सरदार कापुआला वेढा घालून बसले होते, आणि अँसेल्म पोपसह त्या छावणींत गेला होता. सिसिलीच्या काउंट रॉजरच्या फौजेंत मुसलमान शिपाई पुष्कळ होते. अँसेल्म त्यांना जेवूं घालीत असे. ते येऊन त्याचे हात चुंबीत आणि त्याला दुवा देत, असें त्याचा चरित्रकार एडमर लिहितो. कांहींजण ख्रिस्ती होण्यासहि तयार होते, पण काउंट त्यांना तसें करूं देत नसे ! तेच दिवस, त्याच पोपनें पूर्वेकडे धाडलेलें सैन्य अँटिऑकच्या तटाशीं लढत होतें.

अँसेल्मचें मत सर्वांना पटलें असें नाहीं. पॅरिसचा आबेलार (१०७९–११४२) यानें रोमकरांस पत्राच्या भाष्यांत उघड विचारिलें कीं, निरपराध्याच्या रक्ताची किंमत मागणें हें क्रौर्य नाहीं काय, आणि पुत्राच्या वधानें पिता प्रसन्न कसा होईल ? त्याच्या मतें क्रूस हा देवाच्या प्रेमाचा आविष्कार. तो पाहून मनुष्याच्या अंतःकरणांत प्रेम पेटतें, आणि तीच मुक्ति. क्लेर्व्होचा बर्नार्ड त्याच्यावर तुटून पडला आणि सान्सच्या सभेनें आबेलारचा धिक्कार केला. आमच्याकडील सुशिक्षितांस आबेलार लगेच आवडतो. परंतु माइन्त्सच्या आईबापांसारख्यांच्या दुःखाला किंवा त्यांच्या मारेकऱ्यांच्या पापाला नुसत्या प्रेमाच्या दर्शनानें काय उत्तर मिळतें, हें आबेलार सांगत नाहीं. झालेल्या अन्यायाचें वजन अँसेल्मच्या तराजूंतच पडतें.

सोळाव्या शतकांत तराजू बदलला. कॅल्व्हिन हा शिक्षणानें कायदेपंडित. त्याचा देव अपमानित धनी नसून न्यायाधीश आहे. अँसेल्मचा ‘भरपाई अथवा शिक्षा’ हा विकल्प मोडून ‘शिक्षेनेंच भरपाई’ असा सिद्धांत झाला : आपल्याला व्हावयाची शिक्षा येशूला झाली. आज आपण ज्याला ख्रिस्ती प्रायश्चित्तविचार म्हणतों तो बहुधा हाच, आणि तो अँसेल्मच्या नांवावर खपतो. मिल्टनच्या महाकाव्याच्या तिसऱ्या सर्गांत स्वर्गसभेपुढें मरणाच्या बदल्यांत मरण देण्यास कोण तयार आहे, असा प्रश्न टाकिला जातो आणि सारे देवदूत निःशब्द होतात. तो सर्ग शिकवितांना दरवर्षीं कोणी ना कोणी विद्यार्थी विचारतो कीं, गुन्हेगाराऐवजीं दुसऱ्याला फांशी देणाऱ्या न्यायाधीशाला आपण काय म्हणूं ?

मिल्टनच्या आधींच, १५९४ मध्यें छापलेल्या एका ग्रंथांत, इटलींतून पळून पुढें पोलंडांत स्थायिक झालेल्या फाउस्टस सोसिनस यानें हेंच विचारिलें होतें. पैशाचें ऋण एकाचें दुसऱ्याला फेडतां येतें, कारण पैशाला मालकाचा वास येत नाहीं. शिक्षा तशी हस्तांतरित होत नाहीं. शिवाय, ऋण पुरतें फेडलें असेल तर मग क्षमा ती कसली केली ? आणि क्षमा केली असेल तर फेड कशाला हवी ? चार वर्षांनीं क्राकोव्ह येथें जमावानें आजारी सोसिनसला घरांतून ओढून बाहेर काढिलें आणि त्याचीं कागदपत्रें जाळलीं. त्याच्या दोन प्रश्नांना मात्र त्यानें उत्तर मिळालें नाहीं.

तें देण्याचा प्रयत्न १६१७ मध्यें हॉलंडचा विख्यात विधिज्ञ ह्यूगो ग्रोशिअस यानें केला. देव हा सावकारहि नाहीं आणि अपमानित फिर्यादीहि नाहीं. तो राज्यकर्ता आहे, आणि राज्यकर्त्याला कायदा शिथिल करतां येतो. परंतु कायद्याचा धाक राहावा म्हणून एक उदाहरण घालून देणें भाग होतें, आणि येशूनें तें स्वसंतोषानें आपल्यावर घेतलें. दुसऱ्याच वर्षीं ग्रोशिअस स्वतः राज्यकर्त्यांच्या रोषास पात्र होऊन पकडला गेला; १६१९ मध्यें त्याला जन्मठेप झाली आणि लूव्हेस्टाइनच्या किल्ल्यांत ठेवण्यांत आलें. दोन वर्षांनीं बायकोच्या युक्तीनें तो पुस्तकांच्या पेटींत बसून तेथून निसटला. पॅरिसला जाऊन त्यानें १६२५ मध्यें युद्ध व शांतता यांच्या कायद्यावरील आपला जगन्मान्य ग्रंथ छापिला. त्यांत शिक्षेच्या वांटणीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. आणि ज्यानें अपराध केला नाहीं त्याला दुसऱ्याच्या अपराधाबद्दल शिक्षा करतां येत नाहीं, असें ग्रोशिअस त्यांत सांगतो.